आजोबांचा कागद शोधू नका, बाबांचा जन्म शोधा

प्रश्न थोडक्यात असा. गडचिरोली जिल्ह्यात मूलचेरा तालुक्यातल्या बंगाली वसाहतीत राहणारा, आयटीआय झालेला एक वेल्डर विचारतो: "आजोबा-आजी १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून आले, रायपूरजवळच्या माना कॅम्पात राहिले, मग सरकारने इकडे जमीन दिली. बाबा १९७४ मध्ये इथेच जन्मले. आई बांगलादेशातली हिंदू, १९९६ मध्ये तिच्या मामाबरोबर सीमा ओलांडून आली, कागद काहीच नव्हता. १९९८ ला लग्न झालं. माझा जन्म २००० चा, बहिणीचा २००९ चा, दोघांचाही इथलाच. ओमानच्या नोकरीसाठी पासपोर्ट काढतो आहे. फॉर्मात नागरिकत्व 'जन्माने', 'वंशाने' की 'नोंदणीने' असं विचारलंय. सेतूवाला म्हणतो 'वंशाने' टाक आणि आजोबांचं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट आण. घर पालथं घातलं, ते सापडत नाही. आम्ही भारतीय आहोत की नाही?"

भाऊ, तुमचे बाबा भारतीय आहेत, तुम्ही भारतीय आहात, आणि दोघेही जन्माने. फॉर्मात 'जन्माने' हाच पर्याय निवडा. आजोबांचं सर्टिफिकेट सापडलं तर जपून ठेवा, पण तुमचा पासपोर्ट त्याच्यावर अडलेला नाही. बहिणीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. तुम्ही तिच्याबद्दल विचारलेलं नाही, पण मला खरी काळजी तिचीच वाटते. म्हणून उत्तर लांबणार आहे.

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कोर्टांत वकिली करताना हा घोळ मी सतत पाहतो. माणसं आजोबापासून खाली मोजत येतात: आजोबा निर्वासित, मग त्यांना नागरिकत्व कधी मिळालं, मिळालं की नाही, नाही मिळालं तर आपण कोण? कायदा असा मोजत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ३ प्रत्येक माणसाला वेगळं लावायचं असतं आणि त्यात तीनच गोष्टी बघायच्या: जन्म कुठे झाला, कोणत्या तारखेला झाला, आणि त्या दिवशी आई-बाप कोण होते. तिसरी गोष्ट सगळ्यांना लागू होत नाही, तुमच्या बाबांना तर नाहीच.

२६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारताच्या भूमीवर जन्मला तो जन्माने भारतीय. त्याचे आई-बाप पूर्व पाकिस्तानचे होते, तिबेटचे होते की आणखी कुठले, हे कायदा विचारत नाही. परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुलं वगैरे अपवाद आहेत, ते आपल्या गावात कोणाला लागू होत नाहीत. तुमचे बाबा १९७४ चे. त्यांच्या जन्माच्या दिवशी आजोबा कागदोपत्री परके होते असं धरलं तरी बाबांच्या नागरिकत्वाला धक्का लागत नाही. तिथेच आजोबांचा विषय संपतो.

१ जुलै १९८७ पासून नियम बदलला. त्या दिवसापासून २ डिसेंबर २००४ पर्यंत इथे जन्मलेल्याचे आई किंवा बाप, दोघांपैकी एक तरी जन्माच्या वेळी भारतीय असला पाहिजे. तुमचा जन्म २००० चा, बाबा भारतीय, झालं. आई कुठून आली, कशी आली, याचा तुमच्या नागरिकत्वाशी संबंध नाही.

३ डिसेंबर २००४ पासून कायदा आणखी आवळला. आता आई-बाप दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा 'बेकायदा स्थलांतरित' नसलेला हवा. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय जो आत आला, किंवा व्हिसाची मुदत संपूनही राहिला, तो या व्याख्येत बसतो. तुमची आई १९९६ मध्ये कागदाविना आली. म्हणून २००९ मध्ये जन्मलेली तुमची बहीण जन्मावेळच्या कायद्याच्या नजरेत जन्माने भारतीय ठरत नाही. एकाच घरात एकाच आईच्या पोटची दोन लेकरं, मोठा भारतीय आणि धाकटी नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण आपल्या भागात अशी घरं थोडीथोडकी नाहीत.

मग फॉर्मातला 'वंशाने' हा पर्याय कोणासाठी? भारताबाहेर जन्मलेल्यांसाठी, कलम ४ खाली. तुमची एखादी आत्या लग्न होऊन बांगलादेशात गेली असेल किंवा चुलती बाळंतपणाला खुलन्याला माहेरी गेली असेल, तर तिकडे जन्मलेल्या लेकराला हे कलम लागतं. तिथेही तारखा आहेतच. १० डिसेंबर १९९२ च्या आधी जन्मलेल्याला बापाचंच नागरिकत्व धरतात, आईचं नाही. त्या तारखेपासून आई किंवा बाप, कोणीही चालतो. आणि ३ डिसेंबर २००४ पासून नुसता वंश पुरत नाही: जन्मानंतर एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करावी लागते, वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-बापाने लिहून द्यावं लागतं. ओमानला गेलात, पुढे लग्न झालं, बायको तिकडे आली आणि लेकरू मस्कतला जन्मलं तर हे लक्षात ठेवा. आखाती देश जन्मावरून नागरिकत्व देत नाहीत, त्यामुळे आपल्या दूतावासातली नोंद राहिली तर लेकराच्या हाती कोणत्याच देशाचा कागद उरत नाही.

आणखी एक गैरसमज झाडून टाकतो, कारण चहाच्या टपरीवर तो हमखास ऐकू येतो: "१९७१ च्या आधी आले ते भारतीय, नंतरचे बांगलादेशी." ती मार्च १९७१ ची तारीख आसाम करारातून आली आहे, कलम ६-अ मध्ये आहे आणि फक्त आसामला लागू आहे. मूलचेऱ्यात, चामोर्शीत किंवा अर्जुनी मोरगावात ती कोणाला तारतही नाही आणि मारतही नाही.

आता कागदांकडे येऊ. तुमची बाजू कायद्यात पक्की आहे, पण ती सिद्ध करायची जबाबदारी तुमचीच आहे. नागरिकत्वावर प्रश्न आला तर आपण परके नाही हे दाखवायचं ओझं त्या माणसावरच असतं. आणि आधार दाखवून हे भागत नाही. आधारच्या कायद्यातच लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामिनाच्या प्रकरणात म्हटलं की आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र नुसतं जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही. त्यामुळे तुमच्या फाइलीचा कणा एकच आहे: बाबा १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मले, याचा त्या काळातला पुरावा.

'त्या काळातला' हे मी मुद्दाम म्हणतो. आज काढलेल्या दाखल्यापेक्षा तेव्हा लिहिलेली ओळ भारी पडते. शोधायला सुरुवात ग्रामपंचायतीच्या जन्म रजिस्टरापासून करा. तिथे नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची नक्कल मागा. आपल्या विदर्भात कोतवालाने गावोगावचे जन्म-मृत्यू लिहून ठेवले, ती बुकं जात पडताळणीमुळे आता सगळ्यांना माहीत झाली आहेत, पण जन्मस्थळ सिद्ध करायलाही ती तितकीच कामाची आहेत. अर्ज करताना एक ध्यानात घ्या: १९७४ मध्ये गडचिरोली जिल्हा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. तेव्हा तुमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात आणि जुन्या तालुक्यात होतं. "मूलचेरा तालुका, १९७४" असा अर्ज दिला की "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असा शेरा मारून तो परत येतो, आणि बाबू खोटंही बोलत नसतो. जुना जिल्हा आणि जुना तालुका लिहा, गावाचं नाव बदललं असेल तर दोन्ही नावं लिहा.

मग शाळा. बाबा ज्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीत गेले, तिथल्या दाखल-खारीज रजिस्टराचा मुख्याध्यापकांनी सही-शिक्क्यानिशी दिलेला उतारा घ्या. नुसती टीसी घेऊन थांबू नका. रजिस्टरात जन्मस्थळाचा रकाना असतो, तो भरलेला आहे का ते डोळ्यांनी बघा. तो कोरा असेल तर कोणाच्या सांगण्यावरून आज भरून घेऊ नका. नवी शाई लपत नाही, आणि खाडाखोड दिसली की आख्खी नोंदच संशयात जाते.

तिसरा आधार जमिनीचा. वसाहतीतल्या कुटुंबांना जमीन वाटताना घरातल्या माणसांची नावं आणि वयं लिहून घेतलेली असतात. आजोबांच्या वाटपाच्या आदेशाची किंवा पुनर्वसनाच्या फाइलीची नक्कल मिळाली, तर आजोबा-आजी त्या सालात इथे राहत होते हे त्यातून दिसतं. आई-बाप १९७४ च्या आधीपासून इथे असतील तर पोरगा दुसरीकडे जन्मला असं म्हणणं कोणालाही अवघड जातं. म्हणजे आजोबांचा कागद उपयोगी आहे, पण त्यांच्या नागरिकत्वासाठी नाही, बाबांच्या जन्मस्थळासाठी. पटवाऱ्याकडचा जुना सातबारा आणि फेरफार याच कामी येतात.

नावांचा घोळ होणारच. रजिस्टर लिहिणारे गुरुजी मराठी, सांगणारे आजोबा बंगाली. एकाच माणसाचं 'बिस्वास', 'विश्वास' आणि 'बिश्वास' झालेलं मी एकाच फाइलीत पाहिलंय, 'हालदार'चा 'हवालदार' झालेलाही पाहिलाय. त्यासाठी राजपत्रात नाव बदलायच्या भानगडीत पडू नका. ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणि बाप-आजोबांच्या नावांची साखळी जुळवून दाखवली की बहुतेक वेळा भागतं.

जन्मतारखेचं मात्र हलक्यात घेऊ नका. खेड्यात शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून किंवा १ जुलै लिहून मोकळे व्हायचे. तुमच्या बाबांच्या बाबतीत काही बिघडत नाही, १९७४ मधली कोणतीही तारीख चालेल. पण १९८७ वाल्यांसाठी हीच तारीख घात करते. चामोर्शीकडच्या एका घरी थोरल्याच्या टीसीवर १ जुलै १९८७ होतं, आणि आई-बाप दोघेही कागदाविना आलेले. टीसी खरी धरली तर तो एका दिवसाने जन्मसिद्ध हक्काबाहेर पडत होता. ग्रामपंचायतीचं जन्म रजिस्टर काढलं. पान पिवळं पडलेलं, कोपरा उधईने खाल्लेला, पण ओळ शाबूत: एप्रिल महिना, बापाचं नाव, जन्म घरी, सांगणारी दाई. जन्मनोंद त्याच वेळी केलेली आणि टीसी सहा वर्षांनी अंदाजाने लिहिलेली, तेव्हा वजन जन्मनोंदीला. तो माणूस भारतीय, आणि बायको बेकायदा स्थलांतरित नसेल तर त्याच्या जोरावर पुढची पिढीही. तुमच्या वसाहतीत १९८७ च्या आसपास जन्मलेल्या सगळ्यांनी हे एकदा तपासून घ्यायला हवं.

बाबांची जन्मनोंद कुठेच सापडली नाही, तर उशिराची नोंद करून घेता येते. आधी ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचा दाखला, मग १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३(३) खाली अर्ज. पूर्वी हा आदेश कोर्टातून यायचा, २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार महसूलच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेला. त्यानंतर अकोला, अमरावती, मालेगाव अशा ठिकाणी खोट्या दाखल्यांच्या तक्रारी उठल्या. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराचे दाखले थांबवले, मार्चमध्ये नियम कडक करून पुन्हा सुरू केले. आता पोलिसांचा अहवाल आणि जाहीर सूचना लागते, पुरावा नीट नसेल तर अर्ज फेटाळतात. तुमच्याकडे शाळेचा उतारा आणि जमिनीची फाइल असेल तर बिनधास्त करा. नुसत्या प्रतिज्ञापत्राच्या भरवशावर जाऊ नका.

इथेच आईबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तहसीलच्या आवारात तुम्हाला कोणीतरी भेटेल आणि सांगेल, "आईचा जन्म चामोर्शीचा दाखवून टाकू, सगळं एका झटक्यात मिटतं." त्याच्या नादी लागू नका. नागरिकत्व कायद्याच्या कलम १७ खाली जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्याहून वाईट म्हणजे आईसाठी आज सरळ कायदेशीर वाट उघडी आहे आणि हा खोटा दाखला ती कायमची बंद करतो. एकदा "मी इथेच जन्मले" असं लिहून दिल्यावर "मी १९९६ ला आले" असं कोणत्या तोंडाने सांगणार?

ती वाट म्हणजे कलम ६-ब, २०१९ ची दुरुस्ती. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान इथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना ती लागू आहे. नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. या कायद्यातून मुसलमानांना वगळलं त्यावर देशभर वाद झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मला इथे त्या वादात शिरायचं नाही, तुमच्या आईला तो लागू होतो एवढंच सांगतो. अर्ज ऑनलाइन करायचा. जिल्हा समितीचे प्रमुख कलेक्टर नसून डाक अधीक्षक असतात, हे ऐकून लोक चक्रावतात, पण तसंच आहे. अर्जाची छाननी आणि निष्ठेची शपथ त्यांच्यासमोर होते, मग फाइल जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य समितीकडे जाते.

कागद दोन प्रकारचे लागतात. एक, ती बांगलादेशची आहे हे दाखवणारा: तिकडचा जन्मदाखला, शाळेचा कागद, जमिनीचा दस्त किंवा तिचे आई-बाप, आजी-आजोबा, पणजोबा यांच्यापैकी कोणी तिकडचं होतं हे दाखवणारा. दुसरा, ३१ डिसेंबर २०१४ च्या आधी ती इथे होती हे दाखवणारा: जुनं रेशनकार्ड वगैरे. दुसरा सहज मिळतो, पहिल्यावर सगळे अडतात. आई मामाबरोबर आली म्हणता. मामाकडे किंवा तिकडच्या नातलगांकडे काय आहे ते आधी विचारा. याशिवाय स्थानिक प्रतिष्ठित समाजसंस्थेचं ती त्या समाजाची असल्याचं पत्र आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा येते असं निवेदन लागतं. बंगाली त्या यादीत आहे, त्यामुळे आईने मराठीची धास्ती घेऊ नये.

"अर्ज केला म्हणजे परकी असल्याचं कबूल केलं, आणि फेटाळला तर?" ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. म्हणून माझा सल्ला असा: दोन्ही प्रकारचे कागद हातात येईपर्यंत अर्ज भरू नका, आणि आले की थांबू नका. आईचं नाव मतदार यादीत असेल तर अर्ज भरण्यापूर्वी ती गोष्ट वकिलासमोर उघड ठेवा, लपवू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने याच समाजांच्या ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना कागद नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट दिली, तेव्हा गावात हाकाटी झाली की नागरिकत्वाची मुदत दहा वर्षं वाढली. तसं काही झालेलं नाही. नागरिकत्वासाठी तारीख २०१४ चीच आहे. आई १९९६ ची, म्हणून तुम्हाला त्याने फरक पडत नाही.

आता बहीण. कलम ६-ब मध्ये एक मोलाची तरतूद आहे: प्रमाणपत्र मिळालं की तो माणूस भारतात आला त्या तारखेपासून नागरिक धरला जातो. आईला ते मिळालं तर ती १९९६ पासून भारतीय धरली जाईल, म्हणजे २००९ मध्ये बहिणीच्या जन्मावेळी आई-बाप दोघेही भारतीय. माझ्या मते त्यावरून बहिणीला जन्माने नागरिक म्हणायला भक्कम जागा आहे. पण एकाच दोरावर विहिरीत उतरू नये. सोबत दुसरा अर्जही करा: आई-वडील दोघेही नागरिक असलेल्या अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाची नोंदणी, कलम ५(१)(घ). ती इथेच जन्मली, सीमा ओलांडून आलेली नाही, म्हणून 'बेकायदा स्थलांतरित' या व्याख्येत ती स्वतः बसत नाही. पण हा अर्ज तिला अठरा पूर्ण होण्याआधी जायला हवा, म्हणजे २०२७ मधल्या वाढदिवसाच्या आत, आणि त्याआधी आईचं प्रमाणपत्र हातात यायला हवं. समितीत फाइल किती दिवस पडून राहील यावर तुमचा इलाज नाही, मामाकडचे कागद या महिन्यात आणायचे की दिवाळीनंतर, एवढंच तुमच्या हातात आहे.

जाता जाता शेजाऱ्यांसाठी. अर्जुनी मोरगावजवळच्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतले लोकही हेच विचारतात. त्यांनाही हेच कलम ३ लागू होतं. १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेला तिबेटी जन्माने भारतीय आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० आणि पुन्हा २०१६ मध्ये सांगितलं. फक्त परदेशी नागरिक म्हणून काढलेली आर.सी. (नोंदणी प्रमाणपत्र) आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही सोबत ठेवता येत नाहीत, ते आधी ठरवून घ्या.

तुमच्या पासपोर्टचं आता करून टाका. 'जन्माने' निवडा, स्वतःचा जन्मदाखला लावा, बाबांच्या शाळेचा उतारा आणि जन्मनोंदीची नक्कल झेरॉक्ससह फाइलीत ठेवा. पोलीस चौकशीला हवालदार घरी आला आणि आईबद्दल विचारलं तर खरं तेच सांगा: आई बांगलादेशात जन्मली, बाबा इथले, माझा जन्म २००० चा. २००४ च्या आधीच्या जन्माला एक पालक पुरतो, हे त्याला माहीत नसेल तर कलम ३ ची छापील प्रत जवळ ठेवा, मी माझ्या पक्षकारांना ती देतोच. बहिणीचा पासपोर्ट मात्र आईचं प्रमाणपत्र येईपर्यंत काढायला जाऊ नका.